संपदाची वही आणि बाऊजींचं बटण

संपदा माझी सून. लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली आणि त्यातली एकवीस आम्ही भांडलो. उरलेल्या एका वर्षात ती कधी बाळंतपणाला, कधी वडिलांच्या आजारपणाला जळगावला होती, म्हणून तेवढं सुटलं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत आठ मराठी घरं आहेत. आठांनाही हे ठाऊक आहे, तेव्हा लपवून काय करू?

दिसायला साधी आहे. उंच, सडपातळ, केस कायम चिमट्यात. बोलते कमी. पण कमी बोलणारं माणूस गरीब असतं असं कोणी समजू नये. संपदा बोलत नाही, ती लिहिते. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिने माझ्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या डकवल्या. जन्मभर मी हळद डोळे मिटून ओळखत आले, तिच्यावर हिने ‘हळद’ लिहिलं. मग स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगली. सिलिंडर कधी बदललं, पाण्याच्या फिल्टरची कांडी कधी बदलली, कोणी बदलली, सगळं त्यात. तिचा एकच नियम: घरातली वस्तू हलवली, बदलली, बंद केली, चालू केली, की लिहायचं आणि सही करायची.

"अगं, हे घर आहे की पोस्ट ऑफिस?" मी विचारलं होतं.

"पोस्टात वस्तू हरवतात, आई. इथे नको हरवायला," असं म्हणून ती भाजी चिरायला बसली.

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि वहीचा एक कागद माझ्या नावाने फ्रीजवर चिकटला. सकाळची गोळी, रक्तातली साखर, दुपारची गोळी, संध्याकाळची गोळी. प्रत्येक रकान्यापुढे मी सही करायची. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, सही करायला मला अर्धं मिनिट लागतं, अक्षर ओळीखाली घसरतं. माझ्या नवऱ्याने सरकारी नोकरीत हाडं झिजवून घेतलेल्या घरात मी दिवसातून चार वेळा सुनेला सही देते! म्हणून मग मीही कधीकधी गोळी तुळशीच्या कुंडीत टाकते आणि सही ठोकते. त्या वेळी कागदाकडे बघवत नाही, मी फ्रीजच्या हँडलकडे बघते. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे ते मला उपयोगी पडलं.

आता तिची नोकरी. फरीदाबादला एक कारखाना आहे, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवतात. प्रत्येक भागाचा नकाशा असतो, आणि हजारो नकाशे एका लोखंडी पेटीत साठवलेले असतात. तिला सर्व्हर म्हणतात. कारखान्यातली तीस-पस्तीस माणसं आपापल्या टेबलावरून त्या पेटीतले नकाशे उघडतात. कोणी कोणता कप्पा उघडायचा, कोणी फक्त बघायचा, रोज संध्याकाळी सगळ्याची दुसरी प्रत कुठे ठेवायची, हे संपदा ठरवते. पेटी फरीदाबादला आणि तिची राखणदारीण माझ्या डायनिंग टेबलावर. पूर्वी ती रोज मेट्रोने जायची. मी पडल्यावर तिने मालकांना विचारून घरून काम मागून घेतलं. सगळे म्हणतात, तुमच्यासाठी केलं हो तिने. ती स्वतः असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

सप्टेंबरातली गोष्ट. गुरुवारी सकाळी मी पोहे खात होते, आणि समोर लॅपटॉपवर संपदा एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होती.

"काय झालं?"

"आत घेत नाही."

"कोण?"

"सर्व्हर. माझाच सर्व्हर मला आत घेत नाही."

मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या घरात कोणीतरी तिला नाही म्हणणारं निघालं.

गंमत अशी की कारखान्यातल्या माणसांचे नकाशे उघडत होते. त्यांचं सगळं नीट. फक्त राखणदारणीला दार बंद. आणि ती आत गेल्याशिवाय संध्याकाळची प्रत निघत नव्हती, नव्या माणसाला कप्पा देता येत नव्हता. तिने तिथल्या मॅनेजरला फोन लावला. धीरज त्याचं नाव. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं. स्पीकरवर नसता तरी ऐकलं असतं.

"धीरज जी, तीन बातें देखकर बताइए. एक, कल सर्व्हर बंद हुआ था क्या? दो, उसका स्क्रीन चालू करके देखिए तारीख और टाइम क्या है. तीन, पीछे की तारें किसी ने हिलाई हैं क्या?"

"नहीं मैडम, कोई बंद-वंद नहीं हुआ. तारीख आज की है. तारें एकदम ठीक." एका श्वासात तिन्ही उत्तरं.

"आप वहाँ जाकर देख रहे हैं ना?"

"मैडम, मैं यहीं खड़ा हूँ."

त्याच्या मागे चहाचे कप वाजत होते. मला ऐकू आले, तिलाही आले असणार. पण तिने कामाची नवी वही उघडली, पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या, पुढे त्याचं नाव लिहिलं आणि कामाला लागली.

त्या दिवशी आणि शुक्रवारी तिने काय काय केलं ते मला सांगता यायचं नाही. एवढं समजलं की किल्ली बदलून पाहिली, दुसऱ्याच्या नावाने जाऊन पाहिलं, मधल्या रस्त्यावरचे पहारे एकेक करून उठवून पाहिले. प्रत्येक वेळी पडद्यावर तीच लाल ओळ, आणि प्रत्येक वेळी वहीत एक नोंद. शुक्रवारी दुपारपर्यंत पाच पानं भरली. जेवली नाही. मी म्हटलं, "दोन घास खा." तर म्हणाली, "तुमची दुपारची गोळी घेतलीत?" मी फ्रीजच्या हँडलकडे बघून "हो" म्हटलं.

चार वाजता धीरजचा फोन आला. या वेळी आवाजात तूप होतं.

"मैडम, बुरा मत मानिए. घर बैठे ये काम होता नहीं. मैंने बाऊजी से बात कर ली है. सोमवार से आप रोज़ नौ बजे यहाँ आइए. नहीं तो मेरे साढ़ू की कंपनी है, वो सब सँभाल लेंगे."

बाऊजी म्हणजे कारखान्याचे मालक. ऐंशीच्या घरातले पंजाबी गृहस्थ.

"बाऊजी ने ऐसा कहा?" संपदाने विचारलं.

"बाऊजी ने कहा, जो ठीक लगे करो."

"और आपको अपने साढ़ू ठीक लगे."

"देखिए मैडम, टोन मत दिखाइए. दो दिन से दरवाज़ा नहीं खुल रहा आपसे."

तिने फोन ठेवला. पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा तिला पेन हातात धरून नुसतं बसलेलं बघितलं.

माझा मुलगा साकेत कामासाठी चंदीगडला होता. संध्याकाळी ती त्याच्याशी फोनवर बोलत होती, गॅलरीत उभी राहून, दार लोटून. या वयात माझ्या कानांना निवडक ऐकू येतं, ते बरोबर ऐकू आलं. "सोमवारपासून जावं लागलं तर आईंना दिवसभर एकटं ठेवता येणार नाही रे. बाई तीन तास येते. नोकरी सोड म्हणतोस, तर आपल्या निधीच्या कॉलेज-हॉस्टेलची फी कशी... नाही, मी सोडणार नाही. मग अलकनंदाताईंकडेच पाठवावं लागेल ना आईंना. भोपाळला."

अलकनंदा माझी मुलगी. चांगली आहे. पण तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वॉकर घेऊन मी एकदा वर चढले की खाली यायची ती थेट चौघांच्या खांद्यावरूनच. जावई सज्जन आहेत, दिवसाला सहा वाक्यं बोलतात, त्यातली चार टीव्हीशी. मी एकोणीसशे सदुसष्टला दिल्लीत आले. माझं भजन मंडळ इथे, माझा डॉक्टर इथे, माझा भाजीवाला इथे, जो मला लुटतो पण ओळखून लुटतो. आणि भांडायला संपदा इथे. भोपाळात मी भांडू कोणाशी? जावयाशी?

ती आत आली तशी मी म्हटलं, "मला पार्सल करायचं ठरलं म्हणे."

"चोरून ऐकलंत."

"माझ्या घरात मी चोरून कशाला ऐकेन? मोकळेपणाने ऐकलं."

"मग पुढचंही ऐका. मला ते नको आहे. पण धीरजला हवंय आणि माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे."

"मग कर की उघडं ते दार! एवढ्या वह्या लिहितेस, त्यात कुठे सापडत नाही?"

तिने वही माझ्यासमोर आपटली. खरंच आपटली, चहा सांडला. "आई, मी विचारलं ते तीन प्रश्न बघा. पहिल्या पानावर. या तिन्हींतलं एक जरी उत्तर खोटं असेल ना, तर माझे दोन दिवस पाण्यात."

"मग खोटंच असेल."

"कशावरून?"

"कप वाजत होते," मी म्हटलं.

तिने सांडलेला चहा पुसला. मग म्हणाली, "उद्या फरीदाबाद. तुम्हाला घेऊन. बाई शनिवारी येत नाही आणि तुम्हाला एकटं सोडलं तर तुम्ही स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढाल." हे खरं असल्यामुळे मला फार राग आला.

शनिवारी टॅक्सीने निघालो. माझ्या पिशवीत तिने गोळ्या, बिस्किटं, साखर तपासायचं छोटं मशीन आणि फ्रीजवरचा तो कागद घडी करून घातला होता. कालिंदी कुंजच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो. ड्रायव्हरने रेडिओ लावला, संपदाने बंद करायला लावला. मग सगळा रस्ताभर फक्त माझा वॉकर खडखडत होता.

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड, तेलाचा वास, आणि कोपऱ्यात ऑफिस. फाटकापासून आतपर्यंत आंब्याच्या पानांची तोरणं सुकून लटकत होती. बुधवारी विश्वकर्मा पूजा झालेली. इकडच्या कारखान्यांत त्या दिवशी सगळी यंत्रं पुसतात, बंद ठेवतात, टिळा लावतात, हार घालतात, आणि हत्याराला कोणी हात लावत नाही. आपल्या खंडेनवमीसारखंच.

धीरज दारातच उभा होता. चाळिशीचा, घट्ट शर्ट, दोन फोन. "अरे मैडम, माताजी को भी ले आईं? यहाँ आश्रम थोड़ी है."

"एक कुर्सी दीजिए," संपदा म्हणाली. "जहाँ ए.सी. हो."

ए.सी. फक्त सर्व्हरच्या काचेच्या खोलीत होता. म्हणून मला तिथेच, दाराला लागून बसवलं. अशी मी ती पेटी पाहिली, जिच्यापायी मी भोपाळला चालले होते. कपाटात आडवी ठेवलेली काळी पेटी, बारीक भोकांची जाळी, हिरवे दिवे. जाळीवर कुंकवाचा मोठा टिळा आणि त्यात चिकटलेल्या अक्षता. कपाटाच्या मुठीला लाल धागा. एक झेंडूची पाकळी भोकात अडकलेली.

संपदाने पेटीला पडदा जोडला, चालू केला आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. मलाही आकडे वाचता येतात. एक जानेवारीपासून पुढे तिसरा दिवस होता, आणि साल दोन हजार अठरा.

"धीरज जी. तारीख आज की है?"

धीरज पडद्याकडे न बघता भिंतीवरच्या स्विचकडे बघत म्हणाला, "मैडम, उस दिन तो ठीक थी."

"बंद हुआ था?"

"नहीं मैडम. कसम से. किसी ने हाथ नहीं लगाया."

"तो ये टीका भगवान ख़ुद आकर लगा गए?"

"पूजा हुई थी. बंद नहीं हुआ." पुन्हा स्विचकडे नजर.

मला राहवलं नाही. "झूठ बोल रहा है," मी म्हटलं. "मेरे को मालूम है. मैं भी ऐसेच देखती हूँ."

संपदाने वळून माझ्याकडे असं बघितलं, की मला कळलं, तुळशीची कुंडी आता उकरली जाणार.

मग तिने मला सांगितलं. मला म्हणजे, धीरजला ऐकू जाईल असं, पण मराठीत, त्यामुळे तो नुसताच घामाघूम होत होता. या पेटीच्या आत एक बटणाएवढा सेल असतो. वीज गेली तरी तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला होता. पेटी कधी बंदच होत नाही म्हणून कोणाला कळलं नाही. भिंतीवरच्या स्विचसकट बंद करून चालू केली, तशी ती जुन्या सालात जागी झाली. संपदा घरून येते तेव्हा तिच्याकडे एक पास असतो, त्यावर वेळेचा शिक्का असतो. पाच मिनिटांहून जास्त फरक असला की पेटी पास घेत नाही. इथे सात वर्षांचा फरक! कारखान्यातली माणसं आतल्या जुन्या रस्त्याने येतात, तिथे पास बघत नाहीत, म्हणून त्यांना काही जाणवलं नाही.

"मग बाकीच्या मशीनना विचारून घड्याळ लावून घ्यायचं ना तिने," मी म्हटलं.

संपदाने भुवया वर केल्या. "घेते, आई. पण फरक फार मोठा असला तर तिला वाटतं समोरचाच चुकतोय. मग ऐकत नाही."

"हां," मी म्हटलं. मला काय ते समजलं.

तिने पेटीची स्वतःची वही उघडली. पेटी पण लिहिते म्हणे, सगळं, वेळेसकट. बुधवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं: समोरचं बटण चार सेकंद दाबून बंद केलं. त्याच्या खालची ओळ: एक जानेवारी दोन हजार अठरा.

"किसने दबाया?" संपदाने विचारलं.

"मुझे नहीं मालूम."

"चाबी किसके पास होती है इस कमरे की?"

"मैडम, आप पुलिस हैं क्या?" आता धीरज चढला. "दो दिन में आपसे एक घड़ी नहीं पकड़ी गई और अब यहाँ आकर हमें चोर बना रही हैं! सिस्टम ही कच्चा है आपका. एक बटन से बैठ जाता है. सोमवार से मेरे साढ़ू..."

"बटन मैंने दबाया था. क्यों?"

दारात बाऊजी उभे होते. पांढरा कुर्ता, हातात काठी, माझ्याहून वाकलेले. आवाज मात्र शेडच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा.

धीरजचे दोन्ही फोन एकदम वाजले आणि त्याने दोन्ही बंद केले.

संपदाचे कान लाल झाले. "बाऊजी, मैंने लिखकर दिया था. कमरे के बाहर चिपका है. बिना पूछे बंद न करें."

"मेरी मशीन है, बेटा. विश्वकर्मा जी के सामने मशीन चलती रहे? एक खराद से शुरू किया था मैंने." खराद म्हणजे आपलं लेथ. "पैंतालीस साल में पूजा के दिन मेरी खराद एक मिनट नहीं चली."

"खराद को तारीख याद नहीं रखनी पड़ती, बाऊजी."

मालकाला असं कोणी बोलत नसावं. बाऊजींनी काठी जमिनीवर टेकवली. "धीरज ठीक कहता है. घर बैठकर नहीं होता ये काम. आप यहाँ होतीं तो आपके सामने बंद होती, आप देख लेतीं. सोमवार से आ जाओ."

झालं. मी मनात भोपाळचे जिने मोजायला लागले. बहात्तर आहेत.

संपदाने पिशवीतून वही काढली, पहिलं पान उघडलं आणि बाऊजींच्या नाकासमोर धरली. बाऊजींनी चष्मा चढवला.

"गुरुवार, नौ बजकर दस मिनट," ती म्हणाली. "मैंने तीन सवाल पूछे. बंद हुआ था? तारीख क्या है? किसी ने छुआ? तीनों के जवाब लिखे हैं, आगे नाम लिखा है. एक भी जवाब सच होता तो दस मिनट में फ़ोन पर ठीक करवा देती. मैं यहाँ रोज़ बैठूँ, इसी कुर्सी पर, और मुझसे झूठ ही बोलना हो, तो यहाँ बैठकर भी दो दिन लगेंगे. दूर मैं नहीं हूँ बाऊजी. मुझे बताया नहीं गया."

बाऊजींनी तीन ओळी वाचायला बराच वेळ घेतला. मग मान न वळवता म्हणाले, "धीरज. मैंने तुझे मना किया था बताने को?"

"नहीं बाऊजी. पर आपका नाम कैसे लेता मैं?"

"और तारीख? वो भी मेरी इज़्ज़त के लिए नहीं देखी?"

धीरज स्विचकडे बघत राहिला. त्या स्विचने असं काय पाहिलं असेल, देव जाणे. मला त्याची कीव आली, अगदी थोडी. तुझा साडू येतोय म्हणून माझं सामान बांधायला निघाला होतास ना रे, मग जास्त कीव कशाला करू?

"आगे से?" बाऊजींनी विचारलं.

"आगे से पूजा कीजिए, हार डालिए, सब कीजिए. बंद करना हो तो मुझे बुलाइए. मैं ठीक से बंद करूँगी, घड़ी देखकर चालू करूँगी. और यहाँ लिखिए." तिने वहीचं शेवटचं पान उघडून पेन पुढे केलं. "बुधवार को किसने बंद किया. दस्तख़त."

मला वाटलं आता काठी उठते. स्वतःच्या कारखान्यात, नोकर माणसाच्या वहीत, मालकाने सही करायची? म्हाताऱ्याचा चेहरा बघितला आणि मला आमचा फ्रीज आठवला.

"कर दीजिए भाईसाब," मी खुर्चीतून म्हटलं. "मेरे से तो रोज चार बार लेती है. नहीं दिया तो खाना खाते टाइम देखती रहती है."

बाऊजींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आप इनकी माँ हैं?"

"सास."

"अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शहाणपण आलं. पेन घेतलं. सही करायला त्यांनाही अर्धं मिनिट लागलं, आणि अक्षर ओळीखाली घसरलं.

वही परत देताना म्हणाले, "पूजा वाले दिन आना. बाकी दिन जहाँ बैठती हो, बैठो." आणि धीरजकडे न बघता, "साढ़ू को मना कर दे."

तिथेच संपेल असं मला वाटलं. पण संपदाचं काम अर्धं राहिलेलं तिला चालत नाही. तिने घड्याळ लावलं, लॅपटॉप उघडला, आणि पेटीने तिला मुकाट आत घेतलं. मग म्हणाली, सेल बदलल्याशिवाय मी जाणार नाही. पुन्हा बंद पडली की पुन्हा हेच.

"सेल सोमवार को आएगा," धीरज म्हणाला. "इंडेंट बनेगा, परचेज़ में जाएगा." इंडेंट म्हणजे मागणीचा कागद, एवढं तरी त्याच्या हातात उरलं होतं.

संपदा वळली आणि माझ्या पिशवीकडे बघायला लागली.

"आई, साखरेचं मशीन द्या."

"का? आत्ता कशाला? मी काही खाल्लं नाहीये."

"दारातल्या परातीतला प्रसादाचा लाडू खाल्लात. मी बघितलं. मशीन द्या, त्यात हाच सेल असतो."

मी पिशवी छातीशी धरली. म्हटलं, माझं औषधपाणी काढून ट्रॅक्टरवाल्यांना घालतेस? ती म्हणाली, "घरी जायचंय की भोपाळला?" असं भर ऑफिसात, मालकासमोर. मी मशीन दिलं.

तिने सगळ्यांना आपापलं काम साठवून नकाशे मिटायला सांगितले. बाऊजींनी विचारलं, "अब मैं दबाऊँ?" ती म्हणाली, "नहीं." पेटी रीतसर बंद केली, झाकण उघडलं, नखाने जुना सेल काढला, माझा बसवला. जाळीतली झेंडूची पाकळी काढून बाऊजींच्या हातात दिली. टिळ्याला मात्र हात लावला नाही. पेटी चालू करून तिने घड्याळ पुन्हा लावलं तेव्हा पडद्यावर शनिवार होता, वीस सप्टेंबर, आणि साल चालू.

परतताना टॅक्सीत तिने वहीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: एक सेल, आईंच्या साखरेच्या मशीनमधून. "सही करा," म्हणाली. मी म्हटलं, गाडी हलतेय. तर ती लाल सिग्नलची वाट बघत बसली.

घरी पोचल्यावर पहिलं काम तिने तुळशीची कुंडी उकरायचं केलं. चौदा गोळ्या निघाल्या. त्यावर जे झालं ते मी इथे लिहीत नाही, वरच्या मजल्यावरच्यांनी ऐकलंय, हवं तर त्यांना विचारा. संध्याकाळी अलकनंदाचा फोन आला, "आई, तू येणार आहेस असं साकेत म्हणत होता, खोली आवरू का?" मी म्हटलं, "राहू दे. इथे मला कामं आहेत."

आज बुधवार. नवा सेल अजून आलेला नाही. संपदा म्हणते, औषधवाल्याकडे संपलाय. मी म्हणते, फरीदाबादला एका तासात मिळतो आणि माझ्यासाठी चार दिवस लागतात. काल सकाळी फ्रीजजवळ गेले तर साखरेच्या रकान्यात तिने आधीच लिहून ठेवलं होतं: ‘मोजली नाही. सेल कारखान्यात.’

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग खाली सही केली, या वेळी कागदाकडे बघून.